गाडीचं वय आणि धुराचा हिशोब

‘पर्यावरण कर’ हा शब्दच असा आहे की त्याच्या विरोधात बोलायला तोंड उघडत नाही. पर्यावरणाच्या विरोधात कोण बोलणार? आपल्या महाराष्ट्रात हा कर २०१० सालापासून आहे. खाजगी गाडीला पंधरा वर्षं झाली, किंवा धंद्याच्या गाडीला आठ झाली, की तो भरायचा. लोक त्याला ग्रीन टॅक्स म्हणतात. आमच्याकडे दूध घालणारे काका मात्र त्याला सरळ ‘म्हातारपणाचा दंड’ म्हणतात.

काकांची २००८ सालची स्प्लेंडर आहे. यवतमाळजवळच्या एका खेड्यातून दोन बाजूंना दोन कॅन लटकवून रोज सकाळी येतात. कर आला तेव्हा दुचाकीला पाच वर्षांचे २००० रुपये ठरले होते. त्याच दरानं धरू. त्यात नोंदणी नूतनीकरणाचे १००० मिळवा. (हे आधी ३०० होते, १ एप्रिल २०२२ पासून हजार झाले.) म्हणजे झाले ३०००. काकांची गाडी बाजारात उभी केली तर बारा-पंधरा हजारांच्या वर कोणी विचारणार नाही.

तुम्ही म्हणाल, पाच वर्षांचे तीन हजार म्हणजे महिन्याला पन्नास रुपये. एवढे तर चहाला जातात. मी काकांना हेच गणित मांडून दाखवलं. ते म्हणाले, “महिन्याले पन्नास मागा न भाऊ, देतो मी. तुम्ही तीन हजार एकदम मागता, अन् तेही पेरनीच्या तोंडावर!” आणि मग हसून, “गाडी नाही सोडत जी धूर. धूर त मी सोडतो, बिडीचा.”

विनोद बाजूला ठेवू. पण त्यांच्या पहिल्या वाक्यात सगळं आलं. गरिबाला रक्कम किती याच्याइतकंच ती कधी आणि कशी मागितली जाते याला महत्त्व असतं. आणि नाही भरली तर? केंद्राच्या २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे दुचाकीच्या नूतनीकरणाला उशीर झाला की महिन्याला ३०० रुपये जादा. वर्षभर राहिलं तर ३६००, म्हणजे मूळ रकमेपेक्षा जास्त. मग माणूस भरायचा विचारच सोडून देतो. गाडी चालतच राहते, पण कागदावर ती मेलेली असते. आणि उद्या अपघात झाला तर विम्याच्या दारात उभं राहायची सोय नाही.

आता माझं सांगतो. माझ्याकडे २०१९ ची डिझेल कार आहे. रोज ऑफिसला जातो, महिन्यातून दोनदा नागपूर करतो. काका आठवडाभरात जेवढं फिरतात तेवढं मी नागपूरला एकदा जाण्यातच फिरतो. मला पर्यावरण कर किती? शून्य. २०३४ पर्यंत शून्य. कारण माझी गाडी तरुण आहे ना!

बघा ना, गंमत अशी की धूर मोजायचं यंत्र आपल्याकडे आहे. पीयूसीवाला नळी घालून दोन मिनिटांत आकडा काढून देतो. पण कर ठरवताना तो आकडा कोणी विचारत नाही. विचारतात ती जन्मतारीख.

अर्थात वयाचा हिशोब अगदीच बिनडोक नाही, हेही मान्य केलं पाहिजे. देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं. त्याच्या आधीच्या, आणि त्याच्याही आधीच्या गाड्या किलोमीटरमागे जास्त घाण सोडतात हे खरंच आहे. उभ्या गाडीची पीयूसी सगळं सांगत नाही, हेही खरं. पण किलोमीटरमागे किती आणि एकूण किलोमीटर किती, या दोन गोष्टींचा गुणाकार केल्याशिवाय धुराचा हिशोब पुरा होतो का? आपण अर्धंच गणित सोडवतो आणि उत्तर गरिबाच्या नावावर लिहितो.

माझ्या ओळखीच्या एक ताई आहेत, घाटंजी तालुक्यातल्या. नवरा शेतकरी होता, तो गेला. आमच्या जिल्ह्यात अशी घरं किती आहेत हे मी वेगळं सांगायला नको. घरात राहिली त्याची मोटरसायकल. मुलगा ती चालवतो, आजीला दर महिन्याला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात आणतो. गाडीला पंधरा वर्षं झाली. नूतनीकरणाचा अर्ज करायचा मालकानं, आणि मालक तर या जगात नाही. म्हणजे आधी गाडी नावावर करून घ्या. त्यासाठी नमुना ३१, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती. मग नमुना २५, मग कर, मग फी, आणि गाडी प्रत्यक्ष नेऊन दाखवायची. प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबरच आहे. पण प्रत्येक कागदामागे एक खेप आहे आणि प्रत्येक खेपेमागे एक बुडालेली मजुरी. घाटंजीचं ठीक, उमरखेडच्या माणसाला यवतमाळ शंभर किलोमीटरहून लांब पडतं. तालुक्याला शिबिर असतं तेव्हा तिथे काम झालं तर ठीक, नाहीतर पुढच्या शिबिराची वाट बघा. ही खेपांची किंमत कुठल्याच दरपत्रकात छापलेली नसते.

ताईंनी एकदा मला विचारलं, “साहेब, गाडीचं वय मोजतात, मग आमचं काहून नाही मोजत?” मला उत्तर सुचलं नाही.

मोजता येतच नाही असं नाही हं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं वीस वर्षांवरच्या गाड्यांचं नूतनीकरण आणखी महाग केलं. दुचाकीला २०००, रिक्षाला ५०००, कारला १०,०००. पण त्याच यादीत अपंगांच्या गाडीला फक्त १०० रुपये ठेवले. म्हणजे गाडीच्या मागे बसलेला माणूस सरकारला दिसू शकतो. दुसरं उदाहरण रिक्षावाल्यांचं. योग्यता प्रमाणपत्राला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये दंड होता. राज्यभर ओरड झाली आणि जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं त्याला स्थगिती दिली. रिक्षावाल्यांची संघटना आहे, ते चौकात रिक्षा आडव्या लावू शकतात. दूधवाल्या काकांची संघटना नाही, ताईंची तर नाहीच नाही.

मग कर काढूनच टाकावा का? मला तसं वाटत नाही. कारण धुराचा त्रासही शेवटी याच लोकांना होतो. माझ्या कारच्या काचा बंद असतात. बसस्टँडसमोर दिवसभर हातगाडीवर केळी विकणाऱ्या बाईच्या नाकाला काच नसते. वणीकडे जाऊन बघा, कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून ज्यांची घरं आहेत त्यांच्या अंगणातली तुळससुद्धा काळी. लंडनमध्ये एला किसी-डेब्रा नावाची नऊ वर्षांची मुलगी दम्यानं २०१३ मध्ये गेली. वाहत्या रस्त्याजवळ घर होतं. २०२० मध्ये तिथल्या मृत्यू-चौकशी अधिकाऱ्यानं तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदवलं. वाचलं तेव्हा मला वणीचीच पोरं आठवली.

त्याच लंडननं पुढे ऑगस्ट २०२३ पासून अख्ख्या शहरात जास्त धुराच्या गाड्यांना दिवसाला साडेबारा पौंड लावले. खूप आरडाओरड झाली. पण दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एक, तिथे गाडी कोणत्या मानकाची ते बघतात. सतरा-अठरा वर्षांची पेट्रोल गाडीसुद्धा मानकात बसली तर पैसे नाहीत. दुसरी, जुनी गाडी मोडीत काढायला पैसे दिले, कारला २००० पौंडांपर्यंत, आणि अपंगांना काही वर्षांची सूट दिली. शिवाय जो गाडी सोडेल त्याच्यासाठी बस आणि भुयारी रेल्वे आधीपासून उभी आहे.

आमच्याकडे काय उभं आहे? एसटी. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना त्याआधीपासून फुकट. फार चांगलं झालं. मानव विकासच्या निळ्या गाड्यांनी किती पोरी शाळेत पोचवल्या. पण काकांचं दूध पहाटे निघतं, आणि त्यांच्या फाट्यावर पहिली एसटी येते तेव्हा माझा दुसरा चहा झालेला असतो. अन् कॅन घेऊन एसटीत चढायचं म्हटलं तर कंडक्टर काय म्हणेल ते तुम्हाला माहीतच आहे. इंग्रजांच्या काळातली शकुंतला रेल्वेही बंद पडली. ज्याला दुसरा रस्ताच नाही त्याला कर लावून त्याचं वागणं बदलत नाही, फक्त खिसा रिकामा होतो.

आणखी एक. हवा सुधारण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात महाराष्ट्रातली १९ शहरं आहेत. अमरावती, अकोला, नागपूर, चंद्रपूर सगळी आहेत. यवतमाळ नाही. म्हणजे त्या कार्यक्रमाच्या यादीत आम्ही नाही, आणि कराच्या यादीत मात्र मुंबईच्या रांगेत. दर तोच.

माझं म्हणणं साधं आहे. कर वयावर नको, धुरावर आणि फिरण्यावर लावा. माझ्यासारख्याकडून थोडा जास्त घ्या, मी कुरकुरेन पण भरेन. काकांकडून घ्यायचाच असेल तर हप्त्यानं घ्या. विधवेच्या नावावर गाडी करायची असेल तर सगळे कागद तिच्या तालुक्यात एकाच दिवशी, एकाच टेबलावर होऊ द्या, आणि तोवरचा उशिराचा दंड माफ करा. आणि जमलेला पैसा पहाटेच्या एखाद्या एसटीच्या रूपानं आमच्या फाट्यावर दिसू द्या. यात अशक्य काय आहे?

काकांनी अजून कर भरलेला नाही. कापूस निघाला की बघू म्हणतात. आता कापसाला भाव काय मिळतो त्यावर आहे सगळं.