रंध्याचे वय

आमच्या हिला माझा छंद मुळीच पसंत नाही. "सुताराच्या घरीसुद्धा एवढे रंधे नसतील!" असे ती दर शनिवारी म्हणते, आणि दर शनिवारी मी आणखी एक घेऊन येतो. पण कनेक्टिकटमध्ये राहायचे आणि रंध्याकडे पाहायचे नाही, म्हणजे नागपुरात राहून संत्रे न चाखण्यासारखेच! इथल्याच न्यू ब्रिटन गावच्या स्टॅन्ले कंपनीने १८६९ साली लेनर्ड बेलीची पेटंटे विकत घेतली आणि बिडाचे रंधे घरोघर पोचवले.

घोड्याचे वय दातांवरून ओळखतात, रंध्याचे तारखांवरून. पात्याच्या बैठकीमागे, खालच्या बिडातच पेटंटच्या तारखा ओतलेल्या असतात. दोन असल्या तर त्या १९०२ च्या. तिसरी असली तर ती १९ एप्रिल १९१० ची. पेटंटची मुदत तेव्हा सतरा वर्षांची, म्हणून १९१९ नंतर पहिल्या दोन गळाल्या. पाते वरखाली करणारी चाकी पितळेऐवजी काळ्या रबराची दिसली, की दुसरे महायुद्ध समजावे; पितळ तेव्हा तोफांकडे गेले होते.

गेल्या ऑक्टोबरात नव्वदी ओलांडलेल्या एका बाईंनी गॅरेज रिकामे करायला काढले होते. तिथे चार नंबरचा, नऊ इंची रंधा मला पाच डॉलरला मिळाला. तारखा चांगल्या तीन! फक्त मागची मूठ रोझवूडची नव्हती. कुणीतरी घरी कोरलेली, ओबडधोबड. "ती ह्यांनी केली," बाई म्हणाल्या. अगदी आपल्याकडच्या बायका म्हणतात त्याच स्वरात. मी ऐकले न ऐकलेसे केले.

पस्तीस डॉलर टाकून त्या काळातली अस्सल मूठ मागवली, बसवली, आणि जुनी केरात टाकायला उचलली. बुडाशी पेन्सिलीने लिहिले होते : १२ जून १९५५. सहज मुठीत धरून पाहिली. दोनच बोटे बसली. उरलेल्या दोघांना जागाच ठेवलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मूठ घेऊन बाईंकडे गेलो.

"लाकूड कापायच्या गिरणीत गेली दोन बोटं," त्या म्हणाल्या. "लग्नाला वर्षही झालं नव्हतं. म्हणाले, सगळी हत्यारं विकून टाक. मी विकली नाहीत."

मी मूठ पुढे केली. त्यांनी ती हातात फिरवली आणि परत दिली.

"मला कुठं रंधा मारायचाय आता! तुमच्या हाताला बसते ना?"

"बसते," मी म्हणालो.

घरी येऊन तीच पुन्हा बसवली. रोझवूडची खणात पडून आहे. तिची किंमत हिला अजून सांगितलेली नाही.