सम कुठून मोजायची?

कॉटन ग्रीनच्या आमच्या शाळेत उर्दू आणि मराठी माध्यमाची मुलं एकाच जिन्याने चढतात आणि वर गेली की वेगळी होतात. संगीताचा तास तेवढा एकत्र. पेटी नाही, तबला नाही. खडू आहे.

फरशीवर तीनतालाच्या १६ मात्रांचे १६ चौकोन आखले, चौकोनागणिक एक मूल. पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेवर टाळी. नववी खाली, तिथे हात नुसता बाजूला न्यायचा.

"मोजा" म्हटलं, तर उर्दूवाले उजवीकडून सुरू झाले, मराठीवाले डावीकडून. सम दोन्ही टोकांना वाजली! एक मुलगी म्हणाली, "सर, गोल करू या ना." आवर्तन गोलच तर असतं. घड्याळासारखं फिरायचं, यावर दोघांचंही एकमत.

संगीत डोळ्यांना दाखवणं आपल्याकडे नवं नाही. उस्ताद मौलाबक्षांनी १८८६ साली बडोद्यात गायनशाळा काढली, स्वर लिहायची स्वतःची पद्धत बसवली. भातखंड्यांची स्वरलिपी त्यानंतरची. हे नाव मुलांना मुद्दाम सांगतो.

परवा एक अम्मी दारात आल्या. "सर, ये गाना-बजाना किसलिए?" त्यांचा मुलगा नवव्या जागी उभा होता. वाजवायचं नाही, नेमकं थांबायचं. तो थांबत होता. त्या दोन आवर्तनं बघत राहिल्या.