नसलेल्या माणसाची मैफल

एखाद्या कलाकृतीवर अनेकांनी मिळून प्रेम करणे ही वाटते तितकी साधी गोष्ट नाही. कविता आपण बहुधा एकट्याने वाचतो. तिचा आस्वाद दुसऱ्यापाशी बोलून दाखवायचा म्हटला की शब्द अपुरे पडतात आणि अखेर आपण समीक्षेच्या परिभाषेचा आधार घेतो. ध्वनिमुद्रिकेचे तसे नाही. ती दहा जणांना एकाच वेळी ऐकता येते आणि ऐकताना कुणीच काही बोलायची गरज नसते. पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडच्या 'विश यू वेअर हिअर' (१९७५) या अल्बमभोवती जगभर जे चाहते जमले, त्यांत आम्हा पाच मित्रांचाही एक लहानसा कोपरा आहे. पंचवीसेक वर्षांच्या या सहश्रवणातून एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला आहे. ज्या कलाकृतीचा विषयच एका माणसाचे नसणे हा आहे, तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनी त्या माणसाशी कसे वागावे?

ज्यांचा या संगीताशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. साठच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये रॉक संगीताची एक शाखा तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून दीर्घ रचनांकडे वळली. सबंध अल्बम ही एकच कलाकृती मानण्याकडे तिचा कल होता. तिला पुढे प्रोग्रेसिव्ह रॉक हे नाव पडले. पिंक फ्लॉइड हे त्यातले एक ठळक नाव. या बँडचा पहिला गायक, गिटारवादक आणि प्रमुख गीतकार म्हणजे सिड बॅरेट. १९६७ साली पहिला अल्बम आला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्यानंतर काही महिन्यांतच त्याचे मन झपाट्याने विस्कटत गेले. एलएसडीचे सेवन हे त्याचे एक कारण मानले जाते. १९६८ साली तो बँडबाहेर पडला. त्याची जागा केंब्रिजपासूनचा त्याचा मित्र डेव्हिड गिल्मर याने घेतली. १९७० साली सिडचे स्वतःचे दोन अल्बम आले आणि पुढे हळूहळू तो लोकांच्या नजरेआड गेला. बँड मात्र १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'ने कीर्तीच्या आणि पैशाच्या शिखरावर पोहोचला. त्या शिखरावर उभे राहून या चौघांनी पुढचा अल्बम केला तो खाली राहून गेलेल्या पाचव्याविषयी.

या अल्बमची बांधणी पाहण्यासारखी आहे. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' ही नऊ भागांची रचना मधोमध तोडून तिचा पूर्वार्ध आरंभी आणि उत्तरार्ध शेवटी ठेवला आहे. मध्ये तीन गाणी. त्यांतली पहिली दोन संगीताच्या व्यापारावर आहेत. माणसाला यंत्राचा सुटा भाग करून टाकणारा आणि गोड बोलून त्याला गिळणारा हा व्यापार. पूर्वार्धात गिल्मरच्या गिटारवर चार स्वर येतात आणि त्या चार स्वरांतच पुढच्या सगळ्या शोकाची जात कळते. शब्द यायला मात्र आठ मिनिटांहून अधिक काळ जावा लागतो. ज्याला हाक मारायची आहे तो ऐकण्याच्या टप्प्यात नाही हे ठाऊक असलेल्या माणसाने घशाशी आलेली हाक बराच वेळ थोपवून धरावी, तसे ते वाटते. स्टॉर्म थॉर्गरसनच्या 'हिप्नोसिस' या संस्थेने केलेल्या मुखपृष्ठावर दोन माणसे हस्तांदोलन करत आहेत आणि त्यांतल्या एकाच्या अंगाला आग लागली आहे. प्रथम अल्बम विक्रीला आला तेव्हा हे चित्र काळ्या प्लास्टिकच्या वेष्टनाआड झाकलेले होते. म्हणजे मुखपृष्ठसुद्धा अनुपस्थित!

जून १९७५ मध्ये लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत या अल्बमचे काम चालू असताना एक स्थूल, डोके आणि भुवया भादरलेला माणूस आत येऊन उभा राहिला. बराच वेळ तो कुणालाच ओळखू आला नाही. तो सिड होता. ज्याच्यासाठी शोक चालला होता तो देहाने समोर होता आणि शोक ज्याचा होता तो मात्र तिथे नव्हता. ही हकीकत चाहते एकमेकांना सांगतात, तेव्हा तिच्यातल्या विलक्षण योगायोगाने हरखून जातात. मला तिच्यातला दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा वाटतो. ते गीत त्या माणसाचे वर्णन नव्हतेच. सिड समोर आल्याने गीत पूर्ण झाले नाही आणि खोटेही ठरले नाही.

आपल्या काव्यशास्त्राकडे यासाठी एक नेमका शब्द आहे : साधारणीकरण. भट्टनायकाने मांडलेली आणि अभिनवगुप्ताने आपल्या विवेचनात सामावून घेतलेली ही कल्पना सांगते, की काव्यातला शोक हा या किंवा त्या व्यक्तीचा राहत नाही, तो व्यक्तिविशेषातून मोकळा होतो आणि म्हणूनच सहृदयाला आस्वाद्य ठरतो. या अल्बमच्या शीर्षकगीताच्या आरंभी हीच क्रिया कानांनी अनुभवता येते. आधीचे गाणे एकाएकी आक्रसते आणि जुनाट रेडिओतून आल्यासारखे ऐकू येते. कुणीतरी स्टेशने बदलतो. मग त्या रेडिओवर एक गिटार वाजू लागते, दूरची, पत्र्याच्या आवाजाची. तेवढ्यात अगदी जवळ, खोलीत बसल्यासारखा, कुणी दुसरी गिटार घेऊन तिला साथ करू लागतो. एक खोकलाही ऐकू येतो. रेडिओला साथ करणारा हा माणूस म्हणजे श्रोता. त्याच्यासाठी या रचनेने आपल्यातच जागा करून ठेवली आहे. त्याचे नसलेले माणूस कुणीही असू शकते.

आमच्या पाच जणांपैकी एक जण २००४ साली नोकरीनिमित्त इंग्लंडला गेला. तिथून त्याचा आम्हा सगळ्यांना ईमेल आला : शनिवारी केंब्रिजला जातो आहे, सिडच्या घराची बेल वाजवू का? सिड तेव्हा हयात होता. रॉजर या आपल्या मूळ नावाने एकटा राहत होता, चित्रे काढत होता, बागकाम करत होता. चाहते आणि पत्रकार दाराशी येत, आणि जुन्या दिवसांची आठवण करून दिलेली त्याला सोसत नाही, असे त्याचे कुटुंबीय सांगत. आठवडाभर आमच्यात वाद रंगला. एकाने लिहिले, आपण मालगुंडला केशवसुतांचे घर पाहायला जातोच ना, मग इथे काय बिघडले? मी उत्तर दिले, की मालगुंडचे स्मारक लोकांनी यावे म्हणूनच उभारले आहे. हे दार आतल्या माणसाने स्वतः लावून घेतले आहे. त्यावर त्याचा प्रतिप्रश्न आला, "प्रेम करणाऱ्याला एकदा भेटायचाही अधिकार नाही?" या प्रश्नात केवळ आगाऊपणा नव्हता. ज्याच्यामुळे आपले तारुण्य सुसह्य झाले त्याला तसे सांगावे, ही इच्छा मुळात कृतज्ञतेची आहे. पण ती कृतज्ञता स्वीकारण्याचे ओझे त्याच्यावर कुणी टाकावे? रविवारी मित्राचे उत्तर आले. तो नदीकाठी दोन तास बसला, त्या रस्त्याकडे वळलाच नाही आणि परतीच्या गाडीत त्याने सबंध अल्बम ऐकला. आमच्या मंडळींचा मला सर्वांत अधिक अभिमान वाटला तो त्या दिवशी.

२ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये 'लाइव्ह एट' या कार्यक्रमात चौघे अनेक वर्षांनी पुन्हा एकत्र उभे राहिले. शीर्षकगीतापूर्वी रॉजर वॉटर्सने ते इथे नसलेल्या सर्वांना, आणि विशेषतः सिडला, अर्पण केले. वर्षभराने, ७ जुलै २००६ रोजी, सिड गेला. २००८ साली रिचर्ड राइटही गेला. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये सिडच्या घरातल्या वस्तूंचा केंब्रिजमध्ये लिलाव झाला. सायकली, त्याने स्वतः बनवलेले फर्निचर, काही चित्रे. चाहत्यांनी त्या मोठ्या किमतीला घेतल्या. त्यांना मी नावे ठेवणार नाही. गेलेल्या माणसाची एखादी वस्तू जवळ असावी हे वाटणे आपल्यालाही परके नाही. तरीही मनात येते, की अल्बमने व्यक्तीतून सोडवून आपल्या हाती दिलेला शोक आपण पुन्हा एका सायकलला नेऊन बांधतो आहोत.

असो. आम्ही पाच जण आता पाच गावी आहोत, वर्षातून एकदा जमतो आणि हा अल्बम चव्वेचाळीस मिनिटे न बोलता ऐकतो. उत्तरार्धाच्या अगदी शेवटी, स्वर विरत असताना, राइटच्या सिंथेसायझरवर 'सी एमिली प्ले' या सिडच्या १९६७ सालच्या गाण्याची धून क्षणभर येऊन जाते. नीट कान दिला तरच ती ऐकू येते. राइटने त्या धूनेची जाहिरात केली नाही, ती नुसती एका कडेला ठेवून दिली. जुन्या मित्राच्या दारावरून जाताना बेल न वाजवता पावले थोडी हळू करावीत, तेवढीच ती आहे.