सांभाळून घेणारी काठी

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी क्रिकेटची बॅट असेलच. गोल्फची काठी मात्र फारच थोड्यांनी हातात धरली असेल. हरकत नाही. आज मी तुम्हांला माझ्या गोल्फच्या काठ्यांची, म्हणजे खरं तर माझ्या फजितीची गोष्ट सांगणार आहे. ती समजायला गोल्फ यायलाच हवं असं नाही, बरं का!

चाळिशी उलटल्यावर ऑफिसातल्या एका मित्राच्या नादानं मी गोल्फ शिकू लागलो. या खेळात पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात. खूप लांब मारायच्या वेगळ्या, भोकाजवळ चेंडू हळूच ढकलायची वेगळी आणि मधल्या अंतरांसाठी लोखंडी पात्याच्या. या लोखंडी काठ्यांना 'आयर्न' म्हणतात. त्यांच्यावर नंबर असतात. नंबर वाढत जातो तशी काठी आखूड होते आणि तिचं पातं जास्त कलतं. म्हणजे नऊ नंबरचा चेंडू उंच उडतो आणि जवळ पडतो, पाच नंबरचा लांब जातो.

वर्षभर मी भाड्याच्या काठ्यांनी खेळलो. फटका जरा बरा बसू लागला आणि मला वाटलं, आता आपण खेळाडू झालो! टायगर वुड्स पातळ, सपाट पाठीची 'ब्लेड' पाती वापरतो, हे मी वाचलं होतं. झालं! दिवाळीचा बोनस हातात पडताच तशाच काठ्यांचा एक जुना पण चकचकीत संच मी घेऊन आलो. घरी सगळ्यांना कौतुकानं दाखवला. आठवीतली माझी मुलगी म्हणाली, "बाबा, आरशासारख्या आहेत!" मी आणखीच फुगलो.

पहिल्याच सकाळी फुगा फुटला. थंडी होती. चेंडू पात्याच्या टोकाला लागला आणि कोपरापर्यंत अशी झिणझिणी गेली, की काठी हातातून सुटायचीच बाकी राहिली. चेंडू गेला उजवीकडच्या झुडपात. असे तीन महिने गेले. मी रोज स्वतःवर चिडत होतो. काठ्यांना दोष द्यायची मात्र हिंमत नव्हती. विजेत्यांच्या काठ्या त्या!

आमच्या मैदानावर पिशवी उचलणारे एक वयस्क कॅडी आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. कॅडींना कमी समजू नका हं. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा अली शेर मुळात दिल्लीच्या मैदानावरचा कॅडीच होता. तर एक दिवस मामांनी खिशातून टाल्कम पावडरची पुडी काढली, माझ्या सात नंबरच्या पात्यावर भुरभुरली आणि म्हणाले, "मारा साहेब. प्रत्येक फटक्यानंतर बघू."

दहा चेंडू मारले. चेंडू लागेल तिथली पावडर उडे आणि खूण दिसे. दोन खुणा मधोमध. बाकीच्या आठ कुठे टोकाला, कुठे दांड्याजवळ!

"काठी वाईट नाही साहेब," मामा म्हणाले, "पण ज्याचा फटका रोज मधोमध बसतो, त्याची ही काठी. तुम्हांला सांभाळून घेणारी पाहिजे."

त्यांनी कुणाची तरी एक जुनी काठी आणून दिली. पातं जाड, बूड रुंद आणि पाठीत खोलगट खड्डा. दिसायला अगदीच ओबडधोबड. पुन्हा दहा चेंडू मारले. खुणा तशाच विखुरलेल्या होत्या, पण चेंडू मात्र बहुतेक समोरच गेले आणि हात झिणझिणले नाहीत.

असं का झालं? एक प्रयोग करून बघा. तुमची ३० सेंटीमीटरची पट्टी घ्या. तिच्या मधोमध आठ नाणी चिकटवा. पट्टी मध्यावर बोटांत धरून झरझर डावी-उजवीकडे फिरवा. आता चार नाणी एका टोकाला आणि चार दुसऱ्या टोकाला लावून तसंच करा. वजन तेवढंच, पण पट्टी आता वळायला कुरकुर करते! पात्याचंही तसंच आहे. पाठीचं मधलं लोखंड काढून कडेला नेलं, की चेंडू टोकाला लागला तरी पातं फारसं फिरत नाही. आणि वजन तळाशी जास्त ठेवलं, की चेंडू सहज वर उठतो. रुंद बूड गवतात रुतण्याऐवजी सरकून जातं.

ही युक्ती रुजवणाऱ्यांत मोठं नाव कार्स्टन सोलहाइम यांचं. ते जनरल इलेक्ट्रिक कंपनीत इंजिनिअर होते आणि गोल्फ शिकले वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी! चेंडू ढकलायच्या काठीनं त्यांना फार छळलं. चिडून काठी फेकण्याऐवजी त्यांनी १९५९ साली घरीच नवी बनवली, वजन दोन्ही टोकांना ठेवून. चेंडूला लागताच ती 'पिंग' असा आवाज करी, म्हणून पुढे कंपनीचं नावच पिंग पडलं. नंतर हीच कल्पना त्यांनी लोखंडी काठ्यांतही आणली.

मी ब्लेडचा संच विकला. त्या पैशांत खोलगट पाठीचा जुना संच आरामात बसला. या वेळी मात्र नाव बघितलं नाही. दांडा वाकलेला नाही ना, आतून गंजलेला नाही ना, पात्यावरच्या खाचा झिजल्यात का, मूठ कडक झालीय का, हे मामांनी एकेक तपासलं. "मॉडेल जुनं असू दे, लोखंड काही शिळं होत नाही," म्हणाले. पूर्ण संचाची घाईही केली नाही. पाच, सात, नऊ नंबर आणि एक वेज, एवढ्यावर सुरुवात झाली.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो. ही काठी खेळ शिकवत नाही. चेंडू हवा तसा वळवायचा असेल, तर तरबेज खेळाडूला ब्लेडच जास्त आवडतं. चुका माझ्याच आहेत आणि सराव मलाच करायचा आहे. फक्त एका चुकीची शिक्षा आता इतकी मोठी नसते, की दुसऱ्या दिवशी मैदानावर जावंसंच वाटू नये.

हे सगळं मी रंगवून घरी सांगत होतो. मुलगी गणिताचं पुस्तक पुढ्यात घेऊन बसली होती. 'पहिला नंबर काढणारी मुलं हेच वापरतात' असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मीच आणलेलं ते जाडजूड पुस्तक. रोज रात्री त्यावरून आमची वादावादी होई. "एवढं साधं येत नाही?" हे माझं ठरलेलं वाक्य.

ती हळूच म्हणाली, "बाबा, हे पुस्तकपण ब्लेडच आहे."

मला पुढे बोलता येईना. तिच्याही हाताला रोज झिणझिण्या येत असणार. मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं जाऊन सोप्या उदाहरणांचं, पायरीपायरीनं शिकवणारं पुस्तक घेऊन आलो. जाडं पुस्तक आम्ही टाकून दिलं नाही, कपाटात ठेवलं. पुढच्या वर्षी तिनं ते स्वतःहून काढलं.

मी अजूनही खोलगट पाठीच्याच काठीनं खेळतो. पावडरच्या खुणा हळूहळू मधोमध सरकताहेत. मामा म्हणतात, घाई नको साहेब.