कॉफीचे यंत्र घ्यावे का?

आमची धाकटी सून डोंबिवलीला असते. सकाळी लोकल गाठायची घाई, म्हणून कॉफीचे यंत्र घ्यायचे तिच्या मनात आले. तेही घराचे हप्ते चालू असताना! मी म्हटले, बाई, आधी तुम्ही कॉफी पिता कशी ते पाहा. एस्प्रेसोचे यंत्र हवेच्या 9 पट दाबाने गरम पाणी बारीक पुडीतून अर्ध्या मिनिटात काढते. बिनदुधाची कडक कॉफी आवडणाऱ्याने ते जरूर घ्यावे. आम्ही पडलो दूधवाले! शेजारच्या तमिळ मावशींचा दोन मजली स्टीलचा फिल्टर मला पटला. रात्री वरच्या भांड्यात पूड हलकेच दाबून उकळते पाणी ओतावे. सकाळी खाली दाट अर्क तयार. वीज नको, दुरुस्ती नको. सुनेने फिल्टरच आणला, आणि म्हशीचे दूध लावले. मुलगा मात्र अजून यंत्राचेच बोलतो.