बांधावरचा नारळ

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेसरीकडचा नारळ कोकणातल्यासारखा वाडीत राहत नाही. तो एकटाच असतो. विहिरीच्या काठाला, परड्यात, नाहीतर उसाच्या बांधाला. उसाच्या पाठीशी कारखाना आणि सोसायटी. याच्या पाठीशी कोणी नाही, आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही.

गडी मनात धरणारा मात्र आहे. ज्या वर्षी पाणी-खत चुकलं, त्या वर्षी वाढलेलं खोड बारीक राहतं, आणि पुढे कितीही खाऊ घातलं तरी तेवढा भाग जाड होत नाही. मालकाचा आळस असा गावभर दिसत राहतो.

त्याच्या मालकाच्या खात्यावर केंद्राच्या पीएम-किसानचे दर चार महिन्यांनी 2 हजार येतात. ही योजना सुरू झाली 24 फेब्रुवारी 2019 ला. 2023 पासून राज्याची नमो शेतकरी योजना आली आणि वर्षाच्या 6 हजारांचे 12 हजार झाले. पैसे सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतात. शेतात काय उभं आहे, हे कोणी विचारत नाही. मला ते बरंच वाटतं. पण अट नाही म्हटल्यावर पैसा जिकडे घाई असेल तिकडे जातो, आणि घाई कायम उसाला, पोराच्या फीला, दवाखान्याला. नारळ कधी आरडाओरडा करत नाही.

शिवाय त्याचं उत्तर फार उशिरा येतं. फुलोरा उमलण्याच्या अडीच-तीन वर्षं आधीच तो शेंड्याच्या आत धरायला लागतो. उमलल्यावर फळ पिकायला आणखी वर्षभर. आजच्या हप्त्यातून बुंध्याशी टाकलेल्या खताचा पुरता निकाल दिसेपर्यंत आणखी दहा-बारा हप्ते येऊन गेलेले असतात. अनुदानाने शेती सुधारली की शेतकरी सुस्तावला, हा वाद घालणाऱ्यांनी या झाडाकडे वर्षाचा हिशेब मागू नये.

खतातही त्याची आवड निराळी. त्याला पालाश जास्त लागतं. स्वस्त मिळतो तो युरिया, अनुदानामुळे 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना. पोटॅशची गोणी त्याच्या कितीतरी पट महाग. म्हणून याच्या वाट्याला येतं ते उसातून उरलेलं. खोबऱ्याला केंद्राचा हमीभाव आहे खरा, पण इथला नारळ खोबरं व्हायच्या आधीच देवळात फुटतो नाहीतर आमटीत जातो.

मला विचाराल तर हप्त्यातला पहिला वाटा खताला नको, वर चढणाऱ्याला द्यावा. शेंडा साफ झाला की गेंड्या भुंगा वेळीच सापडतो, कोवळा पोगा वाचतो. पण चढणारे आता मोजकेच. मजुरी ऐकून मालक म्हणतो, पडंल तवा पडंल. मग पिकलेला नारळ उसात पडतो, आणि तोडणीच्या वेळी कोयत्याला लागतो तेव्हा त्याला कोंब आलेला असतो.