लपवलेली स्लाइड

आमच्या शाळेत संस्थेची वार्षिक सभा आणि पालकसभा एकाच आठवड्यात येतात. संस्थेसाठी मोठं प्रेझेंटेशन तयार होतं आणि त्यातल्याच निवडक स्लाइड्स पालकांना दाखवायच्या असतात. हे काम आम्हा दोघींकडे आहे, कारण शाळेत उर्दू आणि मराठी, दोन्ही टायपिंग आम्हालाच येतं.

दोन वर्षांपूर्वी संस्थेसाठी ३४ स्लाइड्स झाल्या होत्या. निकाल, हजेरी, छताची दुरुस्ती, जमाखर्च वगैरे. सत्ताविसाव्या स्लाइडवर जकातीच्या पैशातून ज्यांची फी भरली त्या ११ मुलांची नावं होती, इयत्तेसह. पालकांसाठी यातल्या नऊ पुरेशा होत्या. मगरिबची वेळ होत आली होती, घरी जायची घाई होती. आम्ही सोपा रस्ता धरला. नको त्या २५ स्लाइड्स 'हाइड' करून टाकल्या. दुसऱ्या दिवशी सभेत पडद्यावर नऊच दिसल्या. सभा छान झाली. जे पालक येऊ शकले नव्हते त्यांच्यासाठी तीच फाइल आम्ही पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली.

'हाइड' म्हणजे पुसणं नव्हे. स्लाइड शो चालू असताना ती स्लाइड वगळली जाते, एवढंच. फाइलमध्ये ती जागच्या जागी असते. फोनवर फाइल उघडली की सगळ्या स्लाइड्सची रांग दिसते आणि लपवलेली स्लाइडही त्या रांगेत असते, फार तर थोडी फिकट. हे आम्हाला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. संगणकावर आम्हाला ती रांग रोज दिसत होती. फक्त समोरच्यालाही दिसेल, हे डोक्यात आलं नाही.

तासाभरात एका पालकांचा फोन आला, "मॅडम, ती नावांची यादी सगळ्यांना पाठवायची होती का?" आम्ही फाइल लगेच 'सगळ्यांसाठी डिलीट' केली. पण ज्यांनी ती उतरवून घेतली होती त्यांच्याकडे ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी एका मुलीचे वडील आले. रिक्षा चालवतात. आवाज चढवला नाही. ऑफिसच्या दारातच उभं राहून म्हणाले, "मॅडम, मी मदत मागायला आलो होतो तेव्हा तुम्ही दार लावून घेतलं होतं. मला बरं वाटलं होतं." आम्ही माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि गेले. त्या रात्री ते ग्रुपमधून बाहेर पडले. मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही. वर्गात कुणीतरी तिला काहीतरी बोललं होतं. काय ते तिने आम्हाला आजवर सांगितलेलं नाही.

सदका उघड दिला तरी चांगला, पण गरिबाला गुपचूप दिला तर अधिक चांगला, असं सूरह बकरामध्ये सांगितलं आहे. हे आम्ही वर्गात शिकवतो.

त्यानंतर आम्ही हे काम नीट शिकून घेतलं. ते अवघड नाही. जमातीचा हिशेब, बैतुलमाल किंवा मदरशाचा अहवाल ज्यांच्याकडे असतो त्यांच्यासाठी इथे लिहून ठेवतो.

एक पद्धत अशी. मूळ फाइल उघडल्यावर सगळ्यात आधी 'सेव्ह अ‍ॅज' करून तिला नवं नाव द्यायचं, आणि मग त्या नव्या फाइलमधल्या नको त्या स्लाइड्स डिलीट करायच्या. क्रम उलटा झाला आणि सवयीने बोट 'सेव्ह'वर गेलं की मूळ फाइलच गेली. दुसरी पद्धत, 'स्लाइड सॉर्टर'मध्ये कंट्रोलचं बटण दाबून हव्या त्या स्लाइड्सवर क्लिक करायचं, कॉपी करायचं आणि कोऱ्या फाइलमध्ये पेस्ट करायचं. पेस्ट करताना 'कीप सोर्स फॉरमॅटिंग' निवडलं नाही तर रंग आणि अक्षरं नव्या फाइलप्रमाणे बदलतात. जुनी फाइल चौकोनी आणि नवी रुंद असेल तर आणखी गोंधळ. आम्हाला पहिली पद्धतच बरी वाटते.

एवढं करूनही काम संपत नाही, हे गेल्या वर्षी कळलं. आम्ही नऊ स्लाइड्सची वेगळी फाइल केली आणि खुशीत होतो. आमच्यापैकी एकीचा मुलगा बीसीएला आहे. त्याने सहज ती उघडली आणि दोन गोष्टी दाखवल्या. स्लाइडसोबत तिच्या खालच्या 'नोट्स'ही आल्या होत्या. सभेत बोलताना आठवण राहावी म्हणून आम्ही तिथे लिहिलेलं, "आठवी ब, तीन मुलं, घरी भांडणं, नाव घेऊ नये." दुसरी गोष्ट त्याहून वाईट. निकालाचा रंगीत आलेख आम्ही एक्सेलमधून आणून वर्कबुकसकट चिकटवला होता. त्याने आलेखावर राइट क्लिक करून 'एडिट डेटा' दाबलं आणि सगळी शीट उघडली. प्रत्येक मुलाचं नाव, प्रत्येक विषयाचे गुण. शेजारच्या शीटवर फी बाकी. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो.

आता आलेख आम्ही चित्र म्हणून चिकटवतो, म्हणजे त्याच्या मागे काही राहत नाही. फाइलच्या 'इन्फो'मध्ये 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' असतं, त्याने नोट्स आणि शेरे काढून टाकतो. मग त्या नऊ स्लाइड्सची पीडीएफ करतो आणि तीच पाठवतो. पीडीएफचा आणखी एक फायदा झाला. पूर्वी आमचे नस्तालीकमधले मथळे दुसऱ्याच्या फोनवर भलत्याच अक्षरात दिसायचे, ते आता जसेच्या तसे दिसतात. पण पीडीएफसुद्धा वेगळ्या केलेल्या फाइलचीच करावी. लपवलेल्या स्लाइड्स असलेल्या फाइलची पीडीएफ केली आणि 'इन्क्लूड हिडन स्लाइड्स'वरची खूण राहिली, तर त्या त्यातही छापल्या जातात.

यंदा मात्र आम्ही मुख्याध्यापकांसमोर वेगळाच प्रश्न ठेवला. संस्थेच्या सभेत तरी त्या मुलांची नावं पडद्यावर का हवीत? सभासदांना किती मुलं, किती रक्कम, एवढं कळलं की हिशेब तपासता येतो. एक ज्येष्ठ सभासद नाराज झाले. "आम्ही जकात गोळा करतो, कुणाला गेली ते आम्हाला कळायला नको?" त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, पैसे त्यांच्याकडेही अमानतच असतात. शेवटी असं ठरलं की नावं एका वहीत राहतील, वही मुख्याध्यापकांच्या कपाटात राहील, आणि ज्या सभासदाला पाहायची असेल त्याने तिथे येऊन पाहावी. अजून कुणी आलेलं नाही.

ती मुलगी आता दहावीत आहे. सराव परीक्षेत गणितात चांगले गुण पडले. तिचे वडील सकाळी तिला फाटकाशी सोडतात, आम्हाला सलाम करतात. ग्रुपमध्ये मात्र ते परत आलेले नाहीत. शाळेच्या सूचना आम्ही त्यांना वेगळ्या पाठवतो.